गंधकाचं काडतूस

नळीवरचे आकडे कुणीतरी घासून टाकले होते,
पॉलिश चढवताना, हौसेनं.
लायसनवरची शाई पंचगंगेनं नेली, एकोणीसच्या पुरात.
राहिली रायफल,
आणि बिस्किटाच्या डब्यात बारा काडतुसं.
ठाण्यात म्हणाले, बोअर लिहून आणा, मग जमा करून घेतो.

म्हणून कुमुदिनीबाई बेनाडीकर
पापाच्या तिकटीमागच्या बोळात
दस्तगीर शिकलगारांच्या दुकानात स्टुलावर बसल्या होत्या,
चपला बाहेर काढून, देवळात आल्यागत.

मी तिथं, कारण व्हर्नियर माझा.
दिवसभर उद्यमनगरात कोअर करतो:
वाळूचा आकार, ज्याच्याभोवती लोखंड ओततात
आणि नंतर जो फोडून टाकतात.
पोकळी बनवणं माझा धंदा.
चाचांचा उलटा. ते पोकळीला विचारतात,
बाई, तू कुणासाठी?

कुमुदिनीबाईंनी डब्यातलं एक काडतूस पुढं केलं.
"हे बसतं की. मी घालून बघितलं."
चाचांनी ते हातातनं हळूच काढून घेतलं,
पोराच्या हातातली कात्री काढावी तसं.
"बसतं म्हंजे त्येचंच असतं असं न्हाई, वैनी.
ढिलं काडतूस उडालं तर पितळ मागं येतं. डोळ्यात."

बोल्ट काढला. चेंबरमध्ये चिंधी फिरवली, तेलाचा एक हात.
नळीत बोळा ठोकला, घशाच्या बोटभर पुढं.
पळीत गंधक, आच मंद.
"काकवीगत झालं की उतरीव," मला म्हणाले,
"जादा तापलं की चिक्कट हुतं, काळं.
गुऱ्हाळावर ऱ्हायलायस न्हवं?"
नव्हतो राहिलो. पण उतरवलं वेळेवर.
वास असा की शेजारचा चप्पलवाला
शिव्या देत रस्त्यापलीकडं गेला.

ओतलं एका दमात.
गार व्हायची वाट बघताना बाई बोलत होत्या,
दाजीपूरच्या अंगाला जायचे हे, महिन्यातनं दोनदा.
बंदी आली तरी जायचेच.
नुसतं फिरायला, म्हणायचे.
मला कधी नेलं नाही.

पुढून गज घातला, एक टिचकी,
आणि चाचांच्या तळहातावर उतरलं:
हळकुंडासारखं पिवळं,
खांदा, मान, घशातल्या पेचांच्या रेघासुद्धा.

मी मापं वाचली.
बूड बारा, केसभर कमी. मान आठ सहा.
लांबी त्रेसष्टच्या जरा वर.
पेचांच्या तळाशी सात आठ.
चाचांनी पुस्तक उघडलंच नाही. "थर्टी-ओ-सिक्स."

मग बाईंचं काडतूस घेतलं.
पितळ सत्तावन्न. गोळी सात दोन.
"ही टू-सेव्हन-फाइव्ह. बुडावर लिवलंय बी.
बूड दोघींचं सारखं, म्हणून बसली.
खांदा बगा, सा मिलिमीटर अलीकडं."

"म्हणजे ही ह्या बंदुकीची नाहीत?"
"न्हाईत."
"सगळी?"
चाचांनी बाराच्या बारा उलटी करून बघितली.
"सगळी."

बाई आता काडतुसांकडं बघत नव्हत्या,
डब्याकडं बघत होत्या.
झाकणावर गुलाब, कडेला पोपटी रंग उडालेला.
"हा डबाही आमच्यातला नव्हे," म्हणाल्या,
कुणालाच नाही.

चाचा चिठ्ठीवर बोअर लिहीत राहिले.
तारीख, सही, शिक्का.
नळीबद्दल विचारलेलं, तेवढंच उत्तर.
"काडतुसांचं ठाण्यात वायलं सांगा, वैनी,
न्हाईतर मागनं तरास."
"सांगते."
कुणाची म्हणून सांगू, हे त्यांनी विचारलं नाही,
आणि आम्हीही काही बोललो नाही.

निघताना एकच मागितलं, ते गंधकाचं.
रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकलं.
"जपून, पडलं की फुटंल."
"फुटू दे," म्हणाल्या, आणि चप्पल शोधू लागल्या.
एक सापडेना. चप्पलवाल्यानं जाताना
पायानं बाजूला सारली होती.

दुसऱ्या दिवशी पाळीला एकशे चाळीस कोअर केले.
बोटांचा वास जाईना.
डबा उघडल्यावर बायको म्हणाली, कुठं गेला होतास?
दस्तगीर चाचांकडं, म्हणालो.
खरं होतं. तरी तिनं दोनदा विचारलं.